भोंग्यावर घेतलेली अकरा नावं

आमच्या सान्ता रूफिनात काही विकायचं असलं किंवा कुणी गेलं, की एव्हारिस्तोला बोलावतात. तीनचाकी गाडी, टपावर दोन भोंगे आणि आत घामानं निथळणारा हा माझा दाजी. मासळीची जाहिरात करताना त्याच्या तोंडाला लगाम नसतो. कुणी गेलं की मात्र तोच माणूस गाडी हळू घेतो, आवाज खाली आणतो आणि गेलेल्याचं अख्खं नाव घेतो, आईबापाच्या नावांसकट. आमच्याकडे माणसाचं पूर्ण नाव असं एकदाच गावभर फिरतं.

पोरींच्या फुटबॉलची जाहिरात तो मासळीसारखीच करायचा. "या हो या! लांब पाय, आखूड चड्ड्या!" शहरातला आयोजक ओर्लान्दो त्याला हेच बोलायला लावायचा. आणि दाजीची स्वतःची मुलगी मार्लेन त्याच संघात गोलकीपर! माझी बहीण बेतुलिया लाजेनं मैदानाकडे फिरकायची नाही. मीही दाजीला कमी बोलले नाही. तो म्हणायचा, "अगं, नाहीतर येणार कोण?"

यंदा जत्रेच्या सामन्याला एनेइदा आली. पोर आमच्याच गावची, आता देशाकडून खेळते, सरबताच्या बाटलीवर तिचा फोटो असतो. ओर्लान्दोनं सांगून ठेवलं होतं, मैदान भरलं तर आपला संघ लीगमध्ये, नाहीतर मोडीत. पोरींचे चेहरे एवढेसे झाले होते.

दाजीच्या अंगणात तळलेला मासा खात एनेइदा म्हणाली, "काका, चड्ड्यांचं बोललात तर मी उतरणार नाही."

ओर्लान्दो हसला. "बाई, धंद्यातलं तुला काय कळतं?"

"तुझा धंदा माझ्या नावावर चाललाय ना? मग मला वगळून चालवून दाखव."

ओर्लान्दो माशातले काटे काढायला लागला.

"मग बोलू तरी काय?" दाजीनं विचारलं.

"आमची नावं घ्या. अकराही जणींची, आईबापांसकट. मेल्यावर घेता तशी, जिवंतपणी एकदा घ्या की!"

"अगं, अशुभ असतं ते!" दाजीचा चेहरा उतरला. पण एनेइदापुढे कुणाचं चालतंय?

रविवारी सकाळी पोरी होडीनं नदीपलीकडच्या गावच्या संघाला आणायला गेल्या, आणि दाजी भोंगे घेऊन निघाला. बिचाऱ्याला पूर्ण नाव घ्यायचा एकच सूर ठाऊक! त्याच सुरात, गाडी हळू घेत, त्यानं एकेक नाव घेतलं. सामन्याचं तो शेवटी सांगणार होता. "मार्लेन ओस्पिनो व्हेगा, एव्हारिस्तो आणि बेतुलिया यांची मुलगी," इथवर तो आला. पोरीचं नाव पहिल्यांदाच भोंग्यावर घेत होता, अभिमानानं भरून आलं त्याला. पण गल्लीला ऐकू आला तो बापाचा हुंदका.

"होडी बुडाली गं!" बेतुलिया धुणं टाकून किंचाळली. साबणाच्या हातांनी, अनवाणी, ती नदीकडे पळत सुटली. मी मागे, माझ्यामागे अख्खं गाव. सामन्याचं ऐकायला गल्लीत कुणी उरलंच नव्हतं.

धक्क्याला लागूनच मैदान. पोरी नुकत्याच उतरून चेंडू खेळत होत्या. बेतुलियानं मार्लेनला दोन ठेवून दिल्या आणि मग इतकं घट्ट धरलं की पोर म्हणाली, "आई, श्वास घेऊ दे!" सगळ्या आया रडत होत्या, हसत होत्या, दाजीच्या नावानं बोटं मोडत होत्या. आणि एवढं धावून आल्यावर तसंच घरी कोण जातंय? मैदान खचाखच भरलं. लीगचं नक्की, असं ओर्लान्दोला तिथंच, सगळ्यांसमोर कबूल करावं लागलं.

सामन्यात मार्लेननं झेप घेऊन पेनल्टी अडवली. बेतुलिया बाकावर चढली. "माझी पोर आहे ती! माझी!" तिचा आवाज पार बसला.

सामना संपल्यावर दाजी मान खाली घालून समोर आला. आता झाडूच बसणार, असं मलाही वाटलं.

"पुढच्या रविवारी 'सामना आहे' हे आधी सांग, मेल्या," बेतुलिया घोगऱ्या आवाजात म्हणाली. "आणि 'बेतुलियाची मुलगी' हे जरा मोठ्यानं म्हण."