कोकरू कुणाचं?

निमोण्यात आमच्या शेजारी मेंढ्या राखणारे एक आप्पा होते. बोलताना ते माणसाकडे न बघता कळपाकडे बघत. संध्याकाळी मेंढ्या चरून आल्या की दिवसभर कोंडलेली कोकरं एकदम सुटत आणि आप्पा प्रत्येकाला दूध प्यायला त्याच्या आईला लावत.

मी तेव्हा पीएच.डी. करत होतो. कण टिपणाऱ्या डिटेक्टरमध्ये दिसलेली घटना झोतातल्या कुठल्या फोटॉनने, म्हणजे प्रकाशकणाने, घडवली, हे वेळ जुळवून शोधायचं, म्हणजे त्याची ऊर्जा कळते. एकदम तीन-चार फोटॉन आले की मी सगळ्यात जवळच्या वेळेचा उचलायचो. आलेखावर, नवं काही सापडल्यासारखा, सुरेख उंचवटा आला होता. सोमवारी तो गाइडना दाखवायचा होता, तरी उचललेला फोटॉन खराच का, ही शंका जात नव्हती.

चैन पडेना म्हणून आप्पांच्या मदतीला गेलो. एक कोकरू उचललं आणि शेजारच्याच मेंढीला लावलं. तिनं आधी त्याला ढुशी दिली, मग मला.

"मास्तर, जवळ हुबी म्हंजी आई व्हय? मग तुमी बी माजंच कोकरू!"

"पण ओळखूच आलं नाही तर, आप्पा?"

"बाजूला ठिवायचं. कुनाच्या बी गळ्यात बांधायचं न्हाई."

ते कोकरू त्यांनी खरंच बाजूला ठेवलं. ते ओरडत राहिलं, पण आप्पांनी घाई केली नाही.

घरी येऊन लॅपटॉप उघडला आणि मीही संशयाच्या घटना बाजूला काढल्या. उंचवटा पार बसला. सोमवारी काय दाखवू, म्हणून अंगणात फेऱ्या घालत राहिलो. कुंपणापलीकडे ते कोकरू अजून ओरडतच होतं.