पुतणीसाठी देश पाहताना

ही गोष्ट सांगायचं मी कित्येक वर्षं टाळलं. घरात विषय निघाला की मी गुरांना पाणी दाखवायला उठायचो. गुरं विकल्यावरही उठायचो.

माझ्या पुतणीला शेतीच्या पुढच्या शिक्षणासाठी नेदरलँडच्या एका विद्यापीठात जागा मिळाली. धाकटा भाऊ म्हणाला, "आबा म्हणतील तसं." घरची केळी कधी कापायची ते मीच ठरवत असे, तेव्हा देशही मीच ठरवणार हे ओघानंच आलं.

ओट्यावर बैठक बसली. पुतणीनं मोबाइलवर विद्यापीठांची विषयवार क्रमवारी दाखवली. शेतीत नेदरलँड अगदी वर होतं.

"आणि डॉक्टरकीत?" मी विचारलं. तिथं इंग्लंड-अमेरिका पुढे निघाले.

"मग नेदरलँडला तू आजारी पडलीस तर?"

"आबा, मी शिकायला चाललेय, आजारी पडायला नाही."

पारोळ्याहून आलेला भावाचा मेहुणा म्हणाला, "कायदामा कोन पुढे शे? घरमालकसंगे भांडन व्हयनं तर?" कायद्यातही इंग्लंडच निघालं. संध्याकाळपर्यंत आम्ही नेदरलँडला एवढ्या विषयांत नापास केलं, की त्याला शेती येते हेच सगळे विसरले.

"शुक्रवारपर्यंत होकार कळवायचाय," ती म्हणाली.

इथं माझा अनुभव आडवा आला. केळीचा व्यापारीही म्हणतो, आजच सांगा, उद्या गाडी नाही. आपण गप्प बसलो की भाव वाढवून परत येतो. मी म्हणालो, "घाई दाखवायची नाही. नवी क्रमवारी येऊ दे. ते फिरून येतील."

"आबा, ते व्यापारी नाहीत."

"मला नको शिकवू. जन्म गेला माझा भाव करण्यात."

शुक्रवार गेला. सोमवारी कळलं, जागा दुसऱ्याला दिली. तरी मी आठवडाभर फोनजवळ बसून होतो, विद्यापीठ वाढवून काय देतंय ते ऐकायला. पुढे नवी क्रमवारी आली. शेतीत नेदरलँड होतं तिथंच होतं.

ती धुळ्यात शिकली. आता जळगावात शिकवते. परदेशी निघालेल्या विद्यार्थ्यांना शिफारसपत्रं लिहून देते.

अक्षय्य तृतीयेला, म्हणजे आमच्या आखाजीला, माहेरी येते. यंदा मी मनाशी पक्कं केलं होतं. ती पुरणपोळी वाढायला वाकली तेव्हा म्हणालो, "पोरी, त्या वेळी माझं..."

ती थांबली. "काय, आबा?"

"थोडं तूप वाढ," मी म्हणालो.

तिनं वाढलं.