भाऊंना दिलेलं उत्तर

मी देव मानत नाही, असं मी एका माणसाला सांगितलं होतं. ते खोटं होतं. ही गोष्ट मी आजवर बायकोला सांगितली नाही, आमच्या पाळकांना तर नाहीच. रविवारच्या उपासनेत पापांची कबुली देताना सगळ्यांबरोबर माझेही ओठ हलतात. पण तिथं एकेकाचं वेगळं सांगायचं नसतं, ते माझ्या पथ्यावर पडतं.

तो माणूस म्हणजे भाऊ. जळगावच्या माती तपासायच्या प्रयोगशाळेत आम्ही सोळा वर्षं शेजारशेजारच्या टेबलांवर बसतो. शेतकरी पिशवीतून माती आणतात. आम्ही ती सावलीत वाळवतो, कुटतो, चाळतो आणि तिच्यात काय कमी आहे ते लिहून देतो. भाऊ माझ्याहून चार वर्षांनी मोठे, सावद्याजवळच्या खेड्यातले, घरची केळीची शेती. आणि पक्के नास्तिक. लपवाछपवी अजिबात नाही. दसऱ्याला आमच्याकडे यंत्रांना हळदकुंकू लागतं, तेव्हा भाऊ बाहेर उभे राहतात आणि नारळ फुटला की सगळ्यांत आधी आत येतात. कुणी टोकलं तर म्हणतात, "खोबऱ्यानं काय पाप केलंय?"

मी धुळ्याचा. वडील दवाखान्यात कंपाउंडर होते. आमच्या घरात जेवणाआधी डोळे मिटून आभार मानल्याशिवाय घास उचलायचा नाही, हा नियम. नोकरीला लागल्यावर तो मी पाळला, पण चोरून. डबा उघडायचा, चष्मा काढायचा, रुमालानं पुसायला लागायचं आणि तेवढ्यात खाली मान घालून मनातल्या मनात प्रार्थना उरकायची. आपल्याकडे ख्रिश्चन माणसानं श्रद्धेचा विषय काढला की समोरच्याला वाटतं, आता हा बाटवणार. त्यापेक्षा गप्प बसलेलं बरं, असं मी स्वतःला समजावत असे.

भाऊ मला थट्टेनं 'पाद्रीबुवा' म्हणायचे. एका दुपारी त्यांनी घास तसाच हातात धरून विचारलं, "पाद्रीबुवा, एक विचारू? एवढा कसला धुरळा बसतो हो तुमच्या चष्म्यावर? रोज डबा उघडला की बरोबर पुसायला घेता."

मी हसलो.

"खरं सांगा. मानता, की आपलं घरचं आहे म्हणून?"

"घरचं आहे म्हणून," मी म्हणालो. "मी काही मानत नाही भाऊ. कधीच सुटलं ते."

इथं भीतीचं निमित्त पुढं करायची सोय नाही. भाऊंना मी बाटवीन असं त्यांना सात जन्मात वाटलं नसतं, आणि सात जन्मही ते मानत नाहीत. मला त्यांच्यासारखं हुशार दिसायचं होतं, एवढंच.

भाऊंचा चेहरा उजळला. "चला, म्हणजे आपण दोघं झालो," म्हणाले आणि डब्यातली भरताची अर्धी वाटी माझ्या ताटलीत ओतली. त्या दिवसापासून त्यांनी मला पाद्रीबुवा म्हणणं सोडलं. गावाकडचं सांगायला लागले. भावकीत आपण एकटे पडतो, लग्नकार्यात चुलते टोमणे मारतात, बायको देवपूजा करते त्याला आपली ना नाही पण मनातलं बोलायला कुणी नाही. हे सगळं ते मला सांगत, आणि मी मान डोलवत असे. चष्मा पुसणं मात्र बंद करावं लागलं. मग मी हात धुवायला नळावर जाऊन प्रार्थना करू लागलो. अशी तीन वर्षं गेली.

मग भाऊंचे वडील, आबा, वारले. तिसऱ्या दिवशी मी बसायला म्हणून गावी गेलो. ओट्यावर सतरंजी टाकलेली, भावकीचे दहाबारा जण, मधोमध थोरले चुलते, ज्यांना सगळे नाना म्हणतात. बोलणं चाललं होतं दहाव्याचं. भाऊ म्हणत होते, मी डोकं भादरणार नाही, पिंडाला शिवणार नाही. आबांचं दुखणं मी काढलं, त्यांना हातानं जेवू घातलं, माझं झालं.

"अन् लोकायले काय सांगू?" नाना म्हणाले. "असं सोडलं का घर बसते मानसाचं."

"नाही बसत," भाऊ म्हणाले आणि त्यांनी माझ्याकडे हात केला. "हे माझ्या ऑफिसातले. ख्रिश्चन घरातले आहेत. यांनीही सगळं सोडलंय. चांगला संसार आहे, मुलगी शिकते आहे. विचारा त्यांना."

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. नाना पुढं झुकले. "काय हो, खरं का? तुम्ही देवाले हात जोडत नही?"

मी हो म्हणालो असतो तर भाऊंचं काम झालं असतं. तीन वर्षं म्हणतच होतो, आणखी एकदा म्हणायचं. पण दारात आबांचा दिवा तेवत होता, आणि आदल्या रात्री त्याच आबांसाठी मी गुडघे टेकले होते. तोंडातून खोटं निघेना.

"जोडतो, नाना," मी म्हणालो. "रोज."

नानांनी मांडीवर थाप मारली. "आयका! दुसऱ्या धर्माचा मानूस, पन त्यानंबी आपला देव सोडला नही. अन् आमचा शिकेल पोरगा बापाले पानी देयाले तयार नही. वरून खोटं बोलते, बापाच्या तिसऱ्या दिवशी!"

'यांनीच मला तसं सांगितलं होतं,' एवढं एक वाक्य भाऊंनी उच्चारलं असतं तर पुरे होतं. ते बोलले नाहीत. माझ्याकडे एकदा पाहिलं आणि आत जाऊन माझ्यासाठी पाण्याचा तांब्या घेऊन आले. ते वाक्य मीही बोलू शकलो असतो. मी पाणी प्यालो.

दहाव्याला भाऊंनी डोकं भादरून घेतलं. "आई जेवेना," एवढंच कारण त्यांनी नंतर सांगितलं. कामावर आले तेव्हा डोक्यावर टोपी होती. दोन दिवस आम्ही फक्त मातीबद्दल बोललो. तिसऱ्या दिवशी डबा उघडताना मी म्हणालो, "भाऊ, मी तुमच्याशी खोटं बोललो होतो."

"ते कळलं हो. सगळ्या गावाच्या आधी कळलं." त्यांनी टोपी काढून टेबलावर ठेवली. "एवढंच सांगा, का बोललात?"

"तुम्ही हसाल म्हणून."

"हसलोच असतो. मग? मरणार होता का?" टोपीची घडी घालत म्हणाले, "मला वाटलं होतं आपण दोघं आहोत. परत एकटा झालो की मी."

त्यांनी भाजीचा डबा माझ्याकडे सरकवला आणि म्हणाले, "हं, करा तुमचं काय ते. उघड करा. मी थांबतो."

मी पहिल्यांदा त्यांच्यासमोर हात जोडून डोळे मिटले. उघडले तर भाऊ पोळीचा तुकडा हातात धरून, परीक्षेत पर्यवेक्षक बसतो तसे माझ्याकडे बघत होते.

"झालं का पाद्रीबुवा? काय मागितलं?"

"मागितलं काही नाही. आभार मानले."

"कोणाचे? डबा तर वहिनींनी भरलाय."

"त्यांचेही मानले."

"घरी जाऊन त्यांना सांगता का कधी? नाही ना? आधी तिथून सुरू करा."

त्याला आता चार वर्षं झाली. मला वाटतं, माझ्या आयुष्यातली ही सगळ्यात सुखाची चार वर्षं. श्रद्धेबद्दल मी जितकं भाऊंशी बोललो तितकं आमच्या चर्चच्या मंडळीत कुणाशी बोललो नाही. ते विचारतात, गारपिटीनं केळीबाग झोपते तेव्हा तुमचा देव कुठं असतो. मी माझ्या परीनं सांगतो. ते म्हणतात, "पटलं नाही," आणि लोणचं पुढं करतात. एकदा हलक्या आवाजात विचारलं, "आबांना तुमच्या देवानं कुठं ठेवलं असेल?" मी म्हणालो, मला माहीत नाही भाऊ, मी त्यांच्यासाठी फक्त दया मागितली. ते बराच वेळ चाळणी हलवत राहिले. मग म्हणाले, "माहीत नाही म्हणालात, हे बरं केलंत." ते बदलले नाहीत, मी बदललो नाही. दुपारचं जेवण मात्र गोड लागतं.

गेल्या महिन्यात भाऊंच्या पुतणीच्या लग्नाला गेलो होतो. नाना आता ऐंशीच्या पुढं आहेत, आवाज खणखणीत आहे. पंगतीत मला ओळखून शेजाऱ्याला म्हणाले, "हे ते ख्रिश्चन साहेब. यायच्या नावावर आमच्या पोरानं खोटं खपवलं होतं, बापाच्या सुतकात." सगळे हसले. वाढायला उभे असलेले भाऊही हसले आणि मला वरणबट्टी वाढून पुढं गेले. मी जेवलो.

नाना आहेत तोवर त्या ओट्यावर जाऊन, भावकीच्या देखत, मला सांगायचं आहे की त्या दिवशी तुमचा पुतण्या खोटं बोलला नव्हता. त्याच्याशी मी खोटं बोललो होतो. हे अजून मी सांगितलेलं नाही.