बघितल्यावर बदललेलं पत्र

"खाली 'सीन' टाइप करा. त्याखाली माझं नाव, आजची तारीख. आणि सेव्ह करा," लेले साहेब म्हणाले.

कंपनीच्या ऑपरेटरने टाइप केलं आणि एक बटण दाबलं. कॉम्प्युटर जरासा कुरकुरला आणि गप्प झाला.

"आता हे पत्र कधी लिहिलंय ती तारीख दाखवा."

ऑपरेटरने यादी काढली. पत्राच्या नावापुढे तारीख होती ती आजची.

"आजची कशी?" साहेबांनी विचारलं.

"सेव्ह केल्यावर आजचीच पडते ना साहेब. जुनी गेली."

"मग आधी का नाही बोललात?"

"तुम्ही कोर्टाचे. तुम्ही सांगितलंत, मी केलं."

डोंबिवलीच्या एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीच्या ऑफिसात हे झालं. जी तारीख बघायला आम्ही गेलो होतो, ती आम्हीच घालवून बसलो.

मी लेले वकिलांकडे कामाला होते. ऑफिस कल्याण कोर्टाजवळ. शिक्षण चौथीपर्यंत. झाडलोट, चहा आणि फायली लावणं ही कामं होतीच, पण माझं खरं काम सील करण्याचं. कोर्ट कधी कधी साहेबांना कमिशनर नेमायचं. हा कमिशनर पोलिसातला नव्हे. जज्ज स्वतः सगळीकडे जाऊ शकत नाहीत. म्हणून ते एखाद्या वकिलाला पाठवतात, की जा, बघ आणि काय दिसलं ते लिहून आण. साहेब असे निघाले की मी लाख, मेणबत्ती, सुतळी आणि मांजरपाट घेऊन मागे. वस्तू कापडात शिवायची, गाठीवर लाख ओतायची, साहेब शिक्का मारायचे.

साहेबांची एक सवय होती. तपासलेल्या प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात ते 'सीन', म्हणजे 'बघितलं', असं लिहून सही करायचे, तारीख घालायचे. मग त्या जागी कुणाला दुसरा कागद घुसवता येत नसे. या सवयीमुळेच त्यांच्या रिपोर्टला कोर्टात मान होता. त्या दिवशी त्यांनी तेच केलं, फक्त कॉम्प्युटरमधल्या पत्रावर. हे नव्वद सालानंतरचं. कंपन्यांतून कॉम्प्युटर आले होते. कोर्टात अजून टाइपरायटरच खडखडत होते.

आता दावा काय होता ते सांगते. सुजाता त्या कंपनीत टायपिस्ट होती. राहायची दिवा स्टेशनजवळ. आई आणि धाकटी भावंडं तिच्या पगारावर. कंपनीचं म्हणणं असं, की तिने रंगाचा फॉर्म्युला पत्रात टाइप करून दुसऱ्या कंपनीला पोचवला. ते पत्र तिच्या टेबलावरच्या कॉम्प्युटरमध्ये सापडलं. शेठने तिला काढून टाकलं आणि वर नुकसानभरपाईचा दावा लावला. एमआयडीसीत अशी बातमी गेटागेटाने फिरते. तिला कुणी दारात उभं करेना.

सुजाता म्हणायची, मी ते पत्र लिहिलेलंच नाही. मधे तिला कावीळ झाली होती, कल्याणला हॉस्पिटलात पडून होती. पत्र त्या दिवसांतलं निघालं, तर ती सुटली. आधीचं निघालं, तर बुडाली. पत्राच्या मजकुरात तारीख नव्हती. पण कॉम्प्युटर स्वतःची तारीख ठेवतो असं तिच्या वकील शिर्के मॅडमना कळलं होतं. त्यांनी अर्ज केला आणि कोर्टाने साहेबांना पाठवलं.

त्या दिवशी कंपनीत शिर्के मॅडम आणि सुजाताही हजर होत्या. जुनी तारीख गेली हे कळताच मॅडमचा चेहरा लाल झाला. "लेले साहेब, माझ्या अशिलाचा पुरावा तुम्ही स्वतःच्या सहीने पुसलात."

शेठ मात्र मिशीत हसला. सुजाताने विचारलं, "मॅडम, म्हणजे आता संपलं का?" मॅडम आपले कागद गोळा करायला लागल्या.

परत येताना रिक्षात साहेब एवढंच बोलले, "हिराबाई, कागद वाचला म्हणून कागद बदलत नाही हो." मीही तोच विचार करत होते. आयुष्यभर मी वस्तू कापडात बांधून जशाच्या तशा ठेवल्या. आणि ही कसली वस्तू, जी तपासणाऱ्याचाच हात अंगाला लावून घेते? मला तिची भीती वाटली. खरं सांगायचं तर कौतुकही वाटलं.

साहेबांनी रिपोर्टात सगळं सरळ लिहिलं. चूक माझी, असं. जज्जांनी पुढची तारीख दिली.

त्यानंतर भोईर वकील आमच्या ऑफिसात आले. भोईर म्हणजे कंपनीचे, शेठचे वकील. शीळ रोडच्या बाजूचे आगरी. आवाज असा की समोरच्या झेरॉक्सवाल्यालाही केस कळावी. कुठल्याशा जुन्या प्रकरणावरून साहेबांशी त्यांचं बोलणं बंद होतं. आले आणि खुर्ची ओढून बसले.

"लेले, चहा सांग. हिराबाई, माझ्यात साखर टाका. याच्यासारखा कडू नको."

साहेब बघतच राहिले. "बोल, काय काम काढलंस?"

"कंपनीत दर शनिवारी सगळ्या पत्रांची नक्कल फ्लॉपीवर काढून ठेवतात. कधी आग लागली तर, म्हणून. शेठच्या कपाटात आहेत सगळ्या."

फ्लॉपी म्हणजे तळहाताएवढी चौकोनी, चपटी वस्तू. पत्रं त्यात मावतात. तेव्हा मला ते खोटंच वाटलं होतं.

"हे शेठने सांगायला सांगितलं?" साहेबांनी विचारलं.

"शेठ म्हणाला, गप्प बसा. मी म्हटलं, कोर्टाने कॉम्प्युटरमध्ये काय आहे ते विचारलंय, आणि ही त्याचीच नक्कल आहे. दाखवणार असाल तर मी तुमचा वकील. नसाल तर दुसरा बघा. आईबहिणीवरून शिव्या दिल्या त्याने. मग हो म्हणाला."

"उद्याच घेऊन ये."

"अरे थांब! तुझ्या हातात अशी उघडी देऊ? तू परत तिच्यावर सही ठोकशील." भोईर मोठ्याने हसले. साहेबही हसले. मग भोईर म्हणाले, "आधी बघायचं कसं ते ठरवू. माझ्या अशिलाचे बाकीचे फॉर्म्युले त्यात आहेत. शिर्के मॅडम त्यातही नाक घालतील."

कॉम्प्युटरच्या पुराव्याला तेव्हा वेगळा कायदा नव्हता. कुठे लिहून ठेवलेली पद्धत नव्हती. मग साहेब, भोईर आणि शिर्के मॅडम असे तिघं वकील आमच्या ऑफिसात बसायला लागले. बरोबर एका पॉलिटेक्निकमधले कॉम्प्युटर शिकवणारे सर. कोर्टात एकमेकांवर तुटून पडणारी माणसं इथे एका कोऱ्या कागदावर वाकून बसायची. मी चहा देता देता ऐकायचे.

सर म्हणाले, "मूळ फ्लॉपीला हात लावायचा नाही. तिची नक्कल काढायची आणि फक्त नक्कल बघायची."

"नक्कल काढताना दोन्ही बाजूंची माणसं हजर," शिर्के मॅडम म्हणाल्या.

"आणि कमिशनरने कीबोर्डला बोट लावायचं नाही," भोईर म्हणाले.

"लिही, लिही," साहेब म्हणाले. "माझ्या नावानेच लिही."

ज्या कॉम्प्युटरवर ती पत्रं लिहिली जायची, त्याचं घड्याळ बरोबर आहे का ते आधी पडताळायचं, हेही ठरलं. घड्याळच चुकीचं असेल, तर तारखेला काय अर्थ? हे मला एकदम पटलं.

भांडण झालं ते एकाच मुद्द्यावर. मॅडमना फ्लॉपीतलं सगळं बघायचं होतं. "खरा चोर त्याच फ्लॉपीत बसलेला असेल तर?"

भोईर म्हणाले, "मग ऑफिसातल्या प्रत्येकाची पत्रं वाचणार? कुणी कर्ज मागितलं, कुणी सोयरीक जमवली? तुमच्या ऑफिसात मी असा घुसलो तर चालेल?"

पुष्कळ वाजलं. शेवटी लिहिलं गेलं, की कोर्टाने सांगितलं तेवढंच बघायचं. चुकून दुसरं काही उघडलं तर लगेच बंद करायचं, आणि ते दोघांनीही वापरायचं नाही. तिघांनी सह्या केल्या. जज्जांनी कागद वाचला आणि मान्य केला.

ठरलेल्या दिवशी आम्ही पुन्हा कंपनीत गेलो. आधी घड्याळ बघितलं. किरकोळ मागे होतं, दिवसाचा फरक नव्हता. सरांनी नकला काढल्या. मी मूळ फ्लॉप्यांवर लाख ओतायला मेणबत्ती पेटवली तर सर ओरडले, "मावशी, गरम लागलं तर मेली ती!" मग फ्लॉप्या डब्यात घातल्या आणि डबा सील केला.

पहिली फ्लॉपी सुजाता आजारी पडायच्या आधीच्या शनिवारची. सरांनी यादी काढली. ते पत्र त्यात नव्हतं. सरांनी दुसरी घातली. सुजाता हॉस्पिटलात होती त्या शनिवारची. पत्र तिथे होतं. पुढे तारीखही होती, त्याच आठवड्यातली.

सुजाता खुर्चीच्या पाठीला धरून उभी होती.

त्याच यादीत, त्या पत्राच्या खाली, अजून एक पत्र होतं. नावात 'सुजाता' असं स्पष्ट दिसत होतं. फायलींवरची इंग्रजी नावं वाचायची सवय होती, म्हणून मीसुद्धा वाचलं. तारीख तिच्या हॉस्पिटलातल्याच दिवसांतली, म्हणजे दुसऱ्या कुणीतरी तिच्याबद्दल लिहिलेलं. ते उघडलं असतं तर कदाचित कोणी काय केलं ते सगळं बाहेर आलं असतं. शेठचा हसू गेलेला चेहरा मी बघितला. शिर्के मॅडमनी पडद्याकडे बघितलं, मग सुजाताकडे.

"मॅडम, उघडा ना," सुजाता म्हणाली.

मॅडम सरांना म्हणाल्या, "यादी बंद करा. ते आदेशात नाही."

भोईर वकिलांनी मान खाली घातली. सुजाताला राग आला होता, तो मला दिसत होता. तिच्या जागी मी असते तर मलाही आला असता. पण मॅडमना मी त्या दिवसापासून उठून नमस्कार करायला लागले. जिंकायची वेळ असताना हात मागे घेणारा माणूस मी कोर्टात त्याआधी बघितला नव्हता.

कंपनीने दावा मागे घेतला. पत्र कोणी लिहिलं ते शेवटपर्यंत कळलं नाही. सुजाता तिथे परत गेली नाही, तिला ठाण्याला काम मिळालं. वर्ष-दोन वर्षं बाकीचे वकील 'लेलेंना कॉम्प्युटरचं वेड लागलंय' म्हणून हसायचे. मग एकेक करून तो नियमांचा कागद मागायला आले. ठाण्याचेही आले. साहेब झेरॉक्स द्यायचे, पैसे घ्यायचे नाहीत.

इतक्या वर्षांत मला एक कळलं. लबाड माणसावर सगळ्यांचं लक्ष असतं. प्रामाणिक माणसाच्या हाताकडे कोणी बघत नाही, म्हणून नियम करताना पहिला त्याच्यासाठी करावा.