दादाचे कान

दादाला कमी ऐकू येतंय हे आधी वहिनीच्या लक्षात आलं. ती स्वयंपाकघरातून हाका मारून दमली, तर हा बाहेर बुटांना तेल चोळत बसलेला. मी चेष्टेने म्हटलं, "अगं, बायकोची हाक कुठल्या नवऱ्याला ऐकू येते?" ती हसली नाही.

माझा हा थोरला भाऊ पाहुण्यांना पायी जंगल दाखवायचा, तेही कानांच्या जोरावर. वानर खाकरलं की बिबट्या निघालाय, कुठल्या अंगाने, किती लांब, हे त्याला चालता चालता कळायचं. तो पुढे, मधे पाहुणे, शेवटी मी. जंगलात कुणी तोंड उघडायचं नाही, सगळं हातवाऱ्यांनी, हा नियमही त्याचाच. त्या नियमाखाली बहिरेपण बेमालूम झाकलं गेलं. लबाड कुठला, मलासुद्धा पत्ता लागू दिला नाही!

विचारलं तर उखडला. "या वयात दुसरं काय करू? फाटकावर तिकिटं फाडत बसू?" मग आवाज खाली आला. "तू आहेस ना मागे." मला नाही म्हणवेना. ठरलं असं, की मला काही ऐकू आलं तर मी पुढच्याच्या खांद्याला हात लावायचा, त्याने त्याच्या पुढच्याच्या, आणि निरोप दादापर्यंत जायचा. पाहुण्यांना वाटायचं, ही जंगलातली शिस्तच आहे.

त्या सकाळी एकही पाखरू बोलत नव्हतं. मला ते अजिबात आवडलं नाही. तेवढ्यात डावीकडे, लांबवर वानर खाकरलं. मी पुढच्या बाईंच्या खांद्याला हात लावला, त्यांनी पुढे लावला. पुन्हा खाकरलं, आता जवळ. निरोप कॅमेरावाल्यापाशी अडला. तो बाबा झाडावरच्या सरड्यात गुंग, खांद्यावरचा हात त्याने माशी झटकावी तसा झटकला. आणि दादा डावीकडच्या पायवाटेला वळला, नेमका त्या आवाजाकडे.

नियम गेला खड्ड्यात. "दादा, थांब!" मी जीव खाऊन ओरडले.

सगळे थिजले. सगळ्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. दादा तेवढा चालत राहिला, मागे न बघता, हाताने "या, या" अशी खूण करत.

"यांना ऐकू येत नाही?" कॅमेरावाल्याने विचारलं.

दादाची पाठ झाडांत दिसेनाशी झाली. मी पळत सुटले. उपयोग नाही हे माहीत असूनही त्याला हाका मारत होते.