खुर्चीवरचे बूट
बुटाच्या पॉलिशचा वास आला की २००९च्या मंदीतलं आमचं दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधलं गोदाम आठवतं. तिथे ठेवायला आलेल्या एका कलाकृतीत कृष्णवर्णीय अमेरिकन कलाकाराने खुर्चीवर आपल्या दिवंगत वडिलांची टोपी, कंगवा आणि चकचकीत बूट मांडले होते. तेच त्यांचं पोर्ट्रेट. तो न्यायला आला, तर खुर्ची रिकामी. “सर, लगा कोई भाग गया, उसका सामान है. फेंक दिया, खलास,” सुपरवायझर मला म्हणाला. तेव्हा लोक कर्जाच्या धाकाने भरली घरं टाकून देश सोडत होते, त्याला तरी काय बोलणार? मी कलाकाराला सांगितलं, तर त्याने हळूच विचारलं, “निदान बूट तरी कुणी घातलेत का?” मला माहीत नव्हतं. आता बाबा जाऊन महिना झाला, त्यांचे बूट अजून दाराशी आहेत. कामवाली विचारते, “साब, ये फेंक दूं?” आणि मी बूट उचलून पॉलिशची डबी उघडतो.