कोठीच्या खोलीतल्या गोल मिरच्या

तमिळ आडी महिन्याच्या अठराव्या दिवशी, पेरणीच्या मुहूर्तावर, सकाळी साडेसातच्या सुमारास अक्काने मिरचीच्या बारा बिया ओल्या फडक्यात गुंडाळल्या. तिच्याकडे तेवढ्याच उरल्या होत्या.

अक्का माझी थोरली बहीण. मुलींच्या सरकारी शाळेत तिने गणित शिकवलं आणि तिथूनच निवृत्त झाली. मी चेन्नईत एका इंग्रजी दैनिकाच्या डेस्कवर होतो. नोकरी संपल्यावर तंजावूरला परत आलो, आणि आता आम्ही दोघं राजवाड्यामागच्या गल्लीत पहिल्या मजल्यावर भाड्याने राहतो.

बिया गोल मिरचीच्या होत्या. ही मिरची बोरापेक्षा थोडी मोठी आणि छत्रीसारखी फुगीर असते. ती ताकात मुरवून उन्हात वाळवतात आणि दहीभाताबरोबर तळून खातात. लांब मिरचीची कोणी तशी केली तर आमच्याकडे ती खातात, पण तिच्याबद्दल बोलत नाहीत. आधीच्या घराच्या परसात अक्का ही झाडं लावायची. ते घर सोडून तीन वर्षं झाली होती, म्हणजे बियाही तीन वर्षांच्या. मिरचीचं बी दर वर्षी कमजोर होत जातं. या खेपेला झाड झालं नाही तर पुढच्या खेपेला पेरायला काही राहणार नव्हतं.

बाजारात मिळत असती तर हा प्रश्नच नव्हता. बियाण्याच्या दुकानदाराने गोल म्हटल्यावर ढोबळी मिरची दाखवली. पापनाशमच्या बाजूची एक बाई पूर्वी टोपलीभर घेऊन गल्लीत यायची. तिला शोधायला आम्ही बसने तिच्या गावी गेलो. बाई भेटली, तिने कॉफी दिली, आणि आता सगळ्या शेतात भातच असतो असं सांगितलं. येताना अक्काने तिथून पुण्णाक्कु, म्हणजे शेंगदाण्याची पेंड, दोन किलो आणली.

"ही कशाला?" मी विचारलं.

"झाडाला जेवायला. तू काय घालणार आहेस? पावडर?"

मी पावडरच घालणार होतो. वाद तिथून, बसमध्ये सुरू झाला.

झाड लावायला जागा एकच होती. घराच्या दोन खिडक्यांपैकी एकीसमोर हातभर अंतरावर शेजाऱ्याची भिंत आहे आणि दुसरीत कुलर. गच्चीवर मालकाने सौर पॅनल बसवले आहेत आणि किल्ली तो स्वतःकडे ठेवतो. राहिली कोठीची खोली, चार फूट बाय पाच. तिथले डबे आम्ही पलंगाखाली हलवले आणि मी छताला जांभळ्या उजेडाचा दिवा टांगला.

लहान बंद खोलीत दिव्याखाली झाड कसं वाढवायचं, त्याला सेंद्रिय खत द्यायचं की रासायनिक, हे मी इंटरनेटवर शोधलं. तपशीलवार माहिती होती ती जवळजवळ सगळी गांजा पिकवणाऱ्यांनी लिहिलेली, ज्या देशांत ते कायद्याने चालतं तिथल्या. नोकरीत गांजाच्या बातम्या मी पुष्कळ दुरुस्त केल्या होत्या. त्यांत वजन, ठिकाण आणि अटक झालेल्यांची संख्या असायची. त्या झाडाला खायला काय घातलं होतं, हे कोणत्याही वार्ताहराने कधी कळवलं नव्हतं. इथे मात्र त्यावर लोक पानंच्या पानं भांडत होते. एका गटाचं म्हणणं, सेंद्रिय खत मातीला पोसतं आणि माती झाडाला, चव त्यातून येते. दुसऱ्याचं म्हणणं, लहान खोलीत सेंद्रियाला वास येतो, चिलटं होतात आणि झाडाला नक्की किती मिळालं ते कळत नाही. क्षार मोजून देता येतात. फक्त जास्त झाले तर पानांच्या कडा करपतात.

हे मी अक्काला मराठीत सांगत होतो.

"कोणत्या झाडांबद्दल लिहिलंय हे?" तिने विचारलं.

"औषधी."

"बरं. मग त्यांना विचार, ताक घातलं तर चालतं का म्हणून."

बारापैकी तीन बिया उगवल्या. मी एक रोप नारळाच्या भुशात, प्लॅस्टिकच्या कुंडीत लावलं. भुसा आधी तीन पाण्यांनी धुतला, कारण त्यात मीठ असतं. कुंडी पत्र्याच्या मोठ्या तट्टूत ठेवली. तट्टु म्हणजे ताट, पण हे परातीएवढं होतं. मी त्यात पाणी ओतायचो आणि कुंडी खालच्या भोकांतून ते ओढून घ्यायची. अक्काने आपलं रोप मातीच्या रुंद कुंडीत, माती आणि शेणखतात लावलं. ती कुंडी तट्टूत मावेना, म्हणून ती बाजूला दोन विटांवर बसली.

तिसरं रोप दोघांचं म्हणून माझ्या कुंडीशेजारी तट्टूतच ठेवलं. त्याला मी माझं द्रावण दिलं आणि अक्काने तिचं पेंडेचं पाणी. दोघांनीही एकमेकांना सांगितलं नाही. पंधरा दिवसांत ते देठाशी कुजून आडवं झालं. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात. हा अजीर्णाने गेला. मातीने भरलेली पण रोपाविना रिकामी ती कुंडी तिथेच राहिली.

अक्काची पद्धत अशी होती: मूठभर पेंड तीन दिवस पाण्यात भिजवायची, दहापट पाणी घालून पातळ करायची आणि दर मंगळवारी घालायची. त्या दिवशी आम्ही जेवण पुढच्या खोलीत घ्यायचो. चिलटं झाली. तिने त्यांच्यासाठी गुळाच्या पाण्याची वाटी ठेवली, तर मुंग्या आल्या.

"तुझी गोशाळा कधी हलणार इथून?" मी विचारायचो.

"तुझं हॉस्पिटल हलेल तेव्हा," ती म्हणायची. "सलाइन लावलेल्या पोराला बाळसं येतं काय रे?"

बाळसं आलं होतं. दोन महिन्यांनी माझं झाड तिच्यापेक्षा वीतभर उंच आणि गडद हिरवं होतं. मी विद्राव्य खत ग्रॅमच्या काट्यावर मोजायचो, तट्टूत उरलेल्या पाण्यातले क्षार मीटरने तपासायचो आणि आकडा वहीत लिहायचो. अक्काच्या झाडाची पानं लहान होती. 

याच सुमारास तळमजल्यावरचे पोलीस हवालदार वर आले. ते वाहतूक शाखेत आहेत. दारात उभं राहून ते थोडे संकोचले.

"सार, रागावू नका," ते तमिळमध्ये म्हणाले. "जिन्यातून तुमच्या दाराखाली जांभळा उजेड दिसतो. चोवीस तासांतले सोळा तास. बायको म्हणते, असले दिवे ती बातम्यांत बघते. मी म्हटलं, म्हातारी माणसं आहेत. ती म्हणाली, म्हातारी माणसंच हल्ली काय काय करतात."

अक्काने त्यांना सरळ कोठीत नेलं. ते वाकले, पान चोळून वास घेतला, मग पहिल्या कळ्या पाहिल्या.

"अम्मा, ही मिरची आहे!"

"मग काय वाटलं होतं?"

 माझ्या झाडाभोवती ते दोनदा फिरले, जितकं त्या खोलीत फिरता येतं तितकं. "काय झाड आहे! माझ्या सासऱ्याची चार एकर आहे, तिथेसुद्धा असं नाही. कसलं हिरवं! डोळा हलत नाही." पिकली की दोन द्या, असं सांगून ते खाली गेले.

तीन आठवड्यांनी माझ्या झाडाच्या खालच्या पानांच्या कडा तपकिरी झाल्या. मग टोकं वळली. कळ्या गळायला लागल्या.

"तुझ्या पावडरीने जाळलं," अक्का म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. तिच्या झाडावर तेव्हा चारच फुलं होती आणि त्यांतली किती धरतील ते माहीत नव्हतं. माझं झाड गेलं असतं तर सगळं त्या चारांवर राहिलं असतं. "मोठं झालं म्हणून मी गप्प होते. माझ्या बिया होत्या त्या."

वही तपासली. मात्रा चुकलेली नव्हती. तरी निम्मी केली. तट्टूतल्या पाण्यातला आकडा वाढला. खत पूर्ण बंद केलं आणि आठवडाभर नुसतं पाणी दिलं. आकडा आणखी वाढला आणि नेहमीच्या चौपटीवर गेला. मीटर बिघडलं असेल म्हणून पिण्याच्या पाण्यात बुडवून पाहिलं. ते बरोबर दाखवत होतं. खत बंद असताना क्षार वाढत होते.

शनिवारी सकाळी मी तट्टूतल्या पाण्यात बोट बुडवलं आणि जिभेला लावलं. खारट होतं. रसम चुकून दोनदा खारावलं की लागतं तसं.

अक्का स्वयंपाकघरात नारळ खवत होती.

"अक्का, कोठीत मीठ कोणी टाकलं?"

"मीठ? मी कशाला टाकू झाडाला मीठ?" ती म्हणाली. खवणीवरचा हात थांबला. "तिरुष्टीचं पाणी तेवढं ओतलं."

तिरुष्टी म्हणजे दृष्ट. हवालदारांनी झाडाची तारीफ केली त्याच संध्याकाळी अक्काने मूठभर खडे मीठ घेऊन झाडावरून तीनदा उतरवलं होतं. मीठ पाण्यात टाकायचं आणि ते विरघळलं की दृष्ट विरघळली, अशी इकडची रीत आहे. ते पाणी जिथे कोणाचा पाय पडणार नाही अशा ठिकाणी ओतायचं असतं. आधीच्या घरी त्यासाठी विहिरीमागचा कोपरा होता. या घरात पाय पडत नाही अशी जागा एकच होती, कोठीतली ती रिकामी कुंडी. दर शुक्रवारी, वर एका अमावास्येला, असं सहा-सात वेळा तिने पाणी तिथे ओतलं होतं. रिकामी कुंडी आणि माझी कुंडी एकाच तट्टूत होत्या. वरून ओतलेलं मीठ खाली झिरपलं आणि माझ्या झाडाने ते भोकांतून ओढून घेतलं.

"कोणाच्या झाडाची काढलीस?" मी विचारलं.

"तुझ्याच. माझ्याला कोण दृष्ट लावणार? पानं बघ त्याची."

"मग इतके दिवस पावडर, पावडर..."

"पावडरसुद्धा मीठच असतं म्हणून तूच सांगितलंस की," ती म्हणाली. मग खवणी बाजूला ठेवून उठली. "आता काय करायचं ते सांग लवकर."

कुंडी आम्ही दोघांनी उचलून न्हाणीघरात नेली. मी वरून पाणी ओतत होतो आणि अक्का मीटर धरून आकडे वाचत होती. सहा बादल्यांनंतर आकडा नळाच्या पाण्याच्या जवळ आला. रिकामी कुंडी खोलीबाहेर गेली. झाडाची निम्म्याहून जास्त पानं गळली. नवव्या दिवशी नवे कोंब दिसले. ते पहिल्यांदा अक्काने पाहिले आणि मला हाक मारली. झाड चांगलं दिसतंय असं मात्र ती म्हणाली नाही. मलाही म्हणू दिलं नाही.

दृष्टीच्या पाण्यासाठी दुसरी जागा शोधावी लागली. वॉशबेसिनमध्ये कोणी पाय ठेवत नाही, हा मुद्दा मी मांडला. तिने दोन दिवस विचार केला आणि मान्य केला.

पहिली मिरची पोंगलच्या आधीच्या आठवड्यात पिकली, अक्काच्या झाडावर. तिच्या चार फुलांपैकी तीन धरली, पुढे आणखी दोन धरली. माझ्या झाडाला मासी महिन्यात, म्हणजे फेब्रुवारी-मार्चमध्ये, आठ लागल्या. हवालदारांना ठरल्याप्रमाणे दोन दिल्या, बिया काढून. बाकीच्या अकरांच्याही बिया काढल्या, टरफलं ताकात मुरवली आणि दुपारी दोन तास ऊन येतं त्या जिन्याच्या कठड्यावर वाळवली. तळल्यावर कोणती पेंडेची आणि कोणती पावडरीची, ते मला ओळखता आलं नाही. अक्काने अकरापैकी सहा बरोबर ओळखल्या.

"नाणं उडवलं तरी तेवढंच येतं," मी म्हटलं.

"गणित मला शिकवू नको."

बिया वेगळ्या डब्यांत ठेवाव्यात, म्हणजे पुढच्या वर्षी तुलना करता येईल, असं मी सुचवलं. तिने त्या एकाच डब्यात ओतल्या आणि झाकण लावलं.

"एकाच आईची लेकरं ती," ती म्हणाली. "त्यांना कशाला वेगळं बिऱ्हाड?"

यंदा आडीच्या अठराव्या दिवशी सकाळी तिने त्यांतल्या दहा बिया ओल्या फडक्यात गुंडाळल्या. अकराव्या दिवसापर्यंत नऊ उगवल्या.